खुल्या आवारावरचं सावलीचं कापड पुन्हा पुन्हा सैल पडतं, फाटतं: दोष खांबापासून शोधायला घ्या

प्राणिसंग्रहालयाच्या खुल्या आवारात चार खांब रोवून त्यांच्यात कापड ताणलेलं असतं. पहिला उन्हाळा नीट जातो. मग मधोमध झोळ येतो. टर्नबकल (कोपऱ्यावरचा, फिरवून ताण कमीजास्त करायचा स्क्रू) फिरवून तो काढला जातो, काही महिन्यांत परत येतो. वाऱ्यात कापड फडफडतं, एखादा कोपरा उसवतो, पावसात पोटात डबकं साठतं. शेवटी ‘कापडच हलकं निघालं’ असं ठरवून जास्त जाड कापड आणलं जातं आणि पुढच्या हंगामात तेच रडगाणं.

जाड कापडाने हा दोष सहसा वाढतोच. दाट विणीचं कापड वारा जास्त अडवतं, म्हणजे जो खांब आधीच आत झुकत होता त्याच्यावर आणखी ओढा. तपासणीचा क्रम म्हणून उलटा ठेवावा: आधी खांब आणि पाया, मग छताचा आकार, मग दोर आणि जोडणी, आणि कापड सगळ्यात शेवटी.

ओळंबा सोडा, मग पाना उचला

ताणलेल्या छताचे खांब मुद्दाम बाहेरच्या बाजूला कललेले उभे करतात. साधारण ५ अंश हा रूढ आकडा आहे. ४ मीटर उंचीच्या खांबाच्या डोक्यावरून ओळंबा सोडला तर तो बुंध्यापासून सुमारे ३५ सेंमी बाहेर टेकायला हवा. २० सेंमीवरच टेकत असेल तर खांबाचं डोकं १५ सेंमी आत आलंय, आणि झोळाचं उत्तर तिथेच सापडलं. उभारणीच्या दिवशी प्रत्येक खांबाचं हे अंतर लिहून ठेवलेलं असेल तर तपासणी दहा मिनिटांत उरकते. नसेल तर चारही खांबांची आपसांत तुलना करावी. एकच वेगळा दिसतो, तो दोषी.

डोकं थोडंसं आत आल्याने एवढा फरक पडतो यावर पटकन विश्वास बसत नाही. ८ मीटर बाजूच्या चौकोनी छताचा कर्ण सव्वाअकरा मीटर भरतो. या कर्णावर सरळ ताणलेला पट्टा धरा. दोन्ही टोकांचे खांब प्रत्येकी ५ सेंमी आत आले, म्हणजे एकूण १० सेंमी ढील मिळाली, की पट्टा मधोमध सुमारे ६५ सेंमी खाली येतो. टोकाशी बोटभर ढील आणि मध्ये हातभर झोळ, असा हा हिशेब आहे. टर्नबकल फिरवून या १० सेंमींच्या मागे धावता येतं, पण खांब अजून सरकत असेल तर ते धावणं संपत नाही.

खांब आत आलाय हे नक्की झालं की बुंध्याशी पाहा. तीन शक्यता असतात आणि तिघींची खूण वेगळी.

बाहेरच्या बाजूला काँक्रीट आणि माती यांच्यात फट पडलीय, आतल्या बाजूला माती किंचित फुगलीय: पाया फिरतोय. बुंध्याशी सगळं घट्ट आहे, पण खांब मधून धनुष्यासारखा वाकलाय: नळी अपुरी आहे, व्यास किंवा जाडी कमी पडली. नळी सरळ आहे, पाया जागचा हललेला नाही, पण बेसप्लेटखालचा (खांबाच्या तळाशी असलेल्या लोखंडी पत्र्याखालचा) ग्राउट, म्हणजे सिमेंटचा भराव, फुटलाय किंवा नट सैल आहेत: दोष काँक्रीटमध्ये रोवलेल्या अँकर बोल्टचा. हा तिसरा प्रकार दुरुस्तीला सगळ्यात सोपा आणि तपासायला सगळ्यात विसरला जाणारा.

पाया का फिरतो

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ७२ किमी, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाला सपाट अडथळ्यावर सुमारे २४० पास्कल, म्हणजे दर चौरस मीटरला २४ किलोचा दाब येतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, ९६० पास्कल. ६४ चौरस मीटरच्या छतावर वारा पूर्ण अडला तर पहिल्या वेगाला दीड टनाहून थोडा जास्त आणि दुसऱ्याला सहा टनांहून जास्त जोर. विणलेल्या कापडातून थोडा वारा निसटतो हे खरं, पण धूळ, पानं आणि पक्ष्यांची विष्ठा साचून छिद्रं बुजली की ती सूट उरत नाही. शिवाय हा जोर चार कोपऱ्यांत सरळ चौथा-चौथा वाटला जात नाही. कापड खांबाला जवळजवळ आडवं ओढतं, त्यामुळे कोपऱ्यावरचा ओढा चौथ्या हिश्शापेक्षा बराच मोठा असू शकतो. एका कोपऱ्यावर १ टनाचा ओढा आणि खांब ४ मीटर उंच, तर बुंध्याशी ४ टन-मीटरचा वाकवणारा जोर. म्हणून नळीचा व्यास, जाडी आणि पायाचं माप स्थानिक वाऱ्याचा वेग धरून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच काढून घ्यावं. शेजारच्या आवारातला खांब टिकला म्हणून त्याच्याच मापाने इथला उभारायचा, हा हिशेब नव्हे.

खोलीसाठी ‘जमिनीवरच्या उंचीच्या एक तृतीयांश’ हा आकडा सर्रास वापरतात. ४ मीटरला १.३ मीटर. अंदाजपत्रकासाठी तो ठीक, त्यापुढे नाही. ६० सेंमी व्यासाचा, दीड मीटर खोल पाया म्हणजे ०.४२ घनमीटर काँक्रीट, वजन साधारण १ टन. पण आडव्या ओढ्याला वजनापेक्षा भोवतालची माती जास्त अडवते, आणि खोलवरची माती जास्त घट्ट असते. त्यामुळे तेवढंच काँक्रीट रुंद आणि उथळ ओतण्यापेक्षा अरुंद आणि खोल ओतलेलं बरं.

प्राणिसंग्रहालयात ‘एक तृतीयांश’चा हा नियम तीन कारणांनी फसतो.

पहिलं कारण खंदक. आवाराच्या कडेचा खांब खंदकाच्या अगदी काठाला रोवला तर त्या बाजूला मातीचा आधारच नसतो. वर खंदकाच्या भिंतीवर जादा दाब येतो तो वेगळा. खंदक जेवढा खोल, निदान तेवढं अंतर काठापासून सोडावं. ते शक्य नसेल तर पाया खंदकाच्या तळाखाली नेणं हाच मार्ग आहे. बऱ्याच आवारांत खंदक खणताना निघालेली माती आतच पसरून उंचवटे केलेले असतात. वरून ती टणक दिसते, पण तो भराव असतो. पहार मारून पाहा. सहज आत गेली तर मूळ जमीन लागेपर्यंत खड्डा खोल करावाच लागेल.

दुसरं कारण रोजचं पाणी. आवार नळीने धुतलं जातं आणि उतार खांबाकडे असेल तर बुंध्याची माती वर्षभर ओली राहते. छत पाणी न झिरपणाऱ्या कापडाचं असेल तर पावसाचं सगळं पाणी बुटक्या कोपऱ्यातून नेमकं खांबाच्या पायाशीच कोसळतं. माती मऊ होते, खांब झुकतो, झोळ येतो, झोळात पाणी साचतं, खांब आणखी झुकतो. तिथे दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) आणि पाणी बाहेर नेणारी छोटी चर केल्याशिवाय कापडाला हात लावण्यात अर्थ नाही.

तिसरं कारण खुद्द प्राणी. गेंडा, रानगवा, हत्ती खांबाला अंग घासतात. रानडुकरं बुंध्याशी उकरतात. शक्य तिथे खांब आवाराच्या बाहेर ठेवून कापड आत न्यावं, हेच उत्तम. आतच रोवावे लागले तर बुंध्याभोवती अर्धवट पुरलेले मोठे दगड किंवा काँक्रीटचा कठडा द्यावा, म्हणजे घासणं होईल पण ते दगडाला.

सरकणाऱ्या पायावर इलाज दोन. जागा असेल तर नवा, खोल पाया. नसेल तर खांबाच्या डोक्यापासून बाहेरच्या बाजूला तणाव्याची वायर किंवा तिरकी कैची, तिच्या टोकाला वेगळा नांगर-पाया. तणावा कटाक्षाने आवाराबाहेरच हवा. हरणं आणि काळवीट बिथरून धावताना अशा वायरला अडकून पाय मोडून घेतात. जुन्या काँक्रीटभोवती नुसता नवा थर ओतणं फारसं चालत नाही. जोड नीट धरत नाही, आणि खोली तर तेवढीच राहते.

नवीन पायाला घाई नको. काँक्रीट ७ दिवसांत ठरलेल्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत येतं, पूर्ण ताकदीला २८ दिवस धरतात. तिसऱ्या दिवशी कापड ताणलं की खांब काँक्रीटमध्येच बारीक फिरतो, आणि ती फट पुढे कायम पाणी पीत राहते. काँक्रीटचा माथा जमिनीच्या वर आणि बाहेरच्या उताराचा असावा. मूत्र आणि धुण्याचं पाणी बुंध्याशी थांबलं तर नळी नेमकी तिथेच गंजते. खांबाच्या डोक्यावर टोपी वेल्ड केलेली आहे ना, हेही पाहा. उघड्या नळीत पाणी भरून ती आतून सडते, आणि गांधीलमाश्यांचं घरटं मिळतं ते फुकटात.

आकार सपाट असेल तर कितीही ताण पुरत नाही

चारही कोपरे एकाच उंचीवर असलेलं छत नकाशावर नीटनेटकं दिसतं. प्रत्यक्षात त्यासारखा त्रास दुसरा नाही. वाळत घालायच्या दोरीवर एक ओला टॉवेल टाकला तरी ती थोडी खाली येतेच, कितीही आवळली तरी. सपाट कापडाचंही तेच होतं. समोरासमोरचे दोन कोपरे उंच आणि दोन बुटके ठेवले की कापडाला दोन उलट्या दिशांनी बाक मिळतो. एका कर्णावर ते खाली लोंबतं, दुसऱ्यावर वर उचललेलं असतं, आणि वारा वरून येवो की खालून, कोणती तरी एक दिशा त्याला धरून ठेवते. ८ मीटरच्या छताला उंच-बुटक्या कोपऱ्यांत निदान दीड ते दोन मीटर फरक हवा. कापड पाणी न झिरपणारं असेल तर उतार १५-२० अंशांचा हवा, म्हणजे ८ मीटरमध्ये सव्वादोन ते तीन मीटर.

उतार कमी पडला तर काय होतं ते आकड्यात पाहा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ किलो. ३ मीटर व्यासाचं आणि मध्यभागी जेमतेम १५ सेंमी खोल डबकं म्हणजे सुमारे ५३० किलो. ते बांबूने ढकलून रिकामं करणं जोखमीचं आहे. पाणी एकदम एका कोपऱ्याकडे धावतं आणि तिथला शॅकल (आडवी पिन असलेली, यू-आकाराची जोडकडी) किंवा शिवण जाते. त्यापेक्षा आवार रिकामं करून खालून छोटं भोक पाडून पाणी सोडावं आणि कापड उतरवून दुरुस्त करावं.

उभारून झालेल्या सपाट छताला खांब न बदलता थोडा आकार देता येतो. दोन समोरासमोरच्या खांबांवर जोडणीचे आय-बोल्ट (डोक्याला वेटोळं असलेले बोल्ट) खाली आणले, तर खांबावरचा वाकवणारा जोरही कमी होतो. मात्र बुटका कोपरा प्राण्याच्या आवाक्यात येतोय का, हे आधी पाहावं, त्याबद्दल पुढे.

कडेची वक्रताही बघा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कड आतल्या बाजूला बाकदार कापलेली असते. बाकाची खोली लांबीच्या ८ ते १० टक्के ठेवतात, म्हणजे ८ मीटरच्या कडेला ६५ ते ८० सेंमी. जास्त सावली मिळावी म्हणून ही कड सरळसर कापून मागण्याचा मोह होतो. पण बाक निम्मा केला की तेवढ्याच भाराला कडेच्या दोरातला ताण दुप्पट होतो. सावली हातभर वाढते आणि कोपरे फाटतात.

दोर आणि जोडणी

कुठे फाटलंय ते नीट पाहिलं तर कारण बहुतेक कळतं. कोपऱ्याच्या कडीजवळ फाटलं तर कोपऱ्याला पुरेसे थर किंवा पट्टा नाही. कडेच्या खिशात लांब चीर गेली असेल तर आतला दोर सैल आहे आणि वाऱ्याबरोबर करवतीसारखा पुढेमागे होतोय. शिवण उसवली पण कापड शाबूत, तर दोष धाग्याचा. साधा पॉलिस्टर धागा उन्हात कापडाच्या कितीतरी आधी मरतो. टेफ्लॉनच्या जातीचा, म्हणजे पीटीएफई धागा महाग पण उन्हाने न खराब होणारा. मधेच भोक असेल तर वर झाडाची फांदी घासते का, कावळे-मोर ठरलेल्या जागी उतरतात का, ते पाहा. आणि जागोजागी बारीक चिरा असतील तर नखाने कापड चुरडून पाहा. धागे कुरकुरीत तुटले किंवा हाताला भुकटी लागली तर कापडाचं आयुष्य संपलंय. त्याला ठिगळ लावणं म्हणजे सुई-दोरा वाया.

जोडणीत नेहमी सापडणारे दोष असे. टर्नबकल पूर्ण आवळलेला, पुढे ताण द्यायला आटेच शिल्लक नाहीत. उभारणीच्या वेळी तो निम्म्याहून जास्त उघडा असायला हवा. नसेल तर कापड मोठं कापलं गेलंय. हुकाचा टर्नबकल: भाराखाली हुक उघडतो, म्हणून दोन्ही टोकांना पिन असलेलाच घ्यावा. वाकवून केलेला उघड्या वेटोळ्याचा आय-बोल्ट: तोही उघडतो, घडीव बंद वेटोळ्याचा हवा. लॉकनट नाही आणि शॅकलची पिन वायरने बांधलेली नाही: फडफडीने ती फिरत फिरत बाहेर येते.

वायर रोपच्या टोकाला यू-क्लिप लावताना गफलत फार होते. क्लिपचा खोगिरासारखा भाग भार घेणाऱ्या लांब दोरावर आणि यू-बोल्ट कापलेल्या, निकामी टोकावर. उलट लावली तर यू-बोल्ट कामाचा दोर चिरडतो. ८ मिमी दोराला निदान तीन क्लिप, दोघींमधलं अंतर दोराच्या व्यासाच्या सहापट म्हणजे सुमारे ५ सेंमी, वळणात थिंबल (दोर झिजू नये म्हणून बसवायची धातूची खोबण), आणि ताण आल्यावर नट परत एकदा आवळायचे. कारखान्यात दाबून बसवलेलं टोक मिळत असेल तर तेच घ्या. माकडांच्या आवारात तर घ्याच. मोकळ्या वेळात नट फिरवून पाहण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही.

स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नट कोरडा आवळला की आटे एकमेकांना चिकटतात आणि पुढच्या वेळी तो कापावाच लागतो. आधी अँटी-सीझ पेस्ट लावा. स्टेनलेस आणि गॅल्व्हनाइज्ड लोखंड ओलाव्यात एकमेकांना टेकून राहिले तर गॅल्व्हनाइज्ड भाग लवकर खाल्ला जातो. खाऱ्या हवेत हे झपाट्याने होतं, तिथे मध्ये प्लास्टिकचा वॉशर द्यावा.

ताण परत देण्याची रीत

कोणताही कोपरा भाराखाली असताना टर्नबकल शेवटच्या आट्यापर्यंत उघडू नये. तो सुटला तर जोडणीसकट तोंडावर येतो. आधी चेन पुली किंवा रॅचेट पुलर खांब आणि कोपऱ्याच्या कडीमध्ये लावून भार त्याच्यावर घ्यायचा, मग टर्नबकल मोकळा करायचा. नवा ताण देताना आधी दोन उंच कोपरे, मग दोन बुटके, सगळे अर्धवट. त्यानंतर चारही कोपऱ्यांवर फेऱ्या मारत प्रत्येक वेळी थोडेथोडे आटे. एकाच कोपऱ्यावर पूर्ण जोर लावला तर सुरकुती तिथून कर्णावर जाते आणि नंतर निघत नाही. सुरकुती जिकडे बोट दाखवते तो कोपरा जास्त ओढलेला असतो, त्याला किंचित सोडून शेजारचे आवळावे.

सावलीचं कापड बहुधा एचडीपीई धाग्याचं असतं. हे प्लास्टिक सततच्या ओढ्याखाली हळूहळू लांबतं, आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त. म्हणून उभारल्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी परत ताण देणं हा कामाचाच भाग धरायला हवा. ठेकेदाराच्या करारात ती फेरी लिहून घ्यावी. एवढ्या एका फेरीने पहिल्या वर्षीच्या बऱ्याच तक्रारी मिटतात, आणि नेमकी तीच वगळली जाते.

शेतीचं शेडनेट या कामाला घेऊ नये. ते तारेच्या जाळीवर नुसतं पसरायला बनवलेलं असतं, स्वतः ताण घ्यायला नाही. ताणाच्या छताला उन्हापासून संरक्षण दिलेलं, निटिंगच्या विणीचं जड कापड लागतं. एक टाका तुटला तरी त्याची वीण पुढे उसवत जात नाही.

सावली भलतीकडेच पडत असेल तर

कापड काढावंच लागणार असेल तर परत चढवण्याआधी हे तपासा, नाहीतर चुकीच्या जागीच पक्कं काम होईल. छताची सावली छताखाली पडते ती फक्त सूर्य डोक्यावर असताना. एरवी ती सूर्याच्या विरुद्ध बाजूला सरकते: अंतर म्हणजे छताची उंची भागिले सूर्याच्या उन्नतांशाचा (क्षितिजापासूनच्या कोनाचा) टॅन. सूर्य ४५ अंशांवर असेल तर छत जेवढं उंच तेवढीच सावली बाजूला.

२० अंश उत्तर अक्षांश आणि मे महिन्याचा तिसरा आठवडा धरा. सूर्य माध्यान्ही जवळजवळ डोक्यावर. सूर्यवेळेनुसार सकाळी ११ ला तो ७६ अंशांवर, दुपारी २ ला ६२, ४ ला ३४. छत ४ मीटर उंच असेल तर सावली ११ ला १ मीटर पश्चिमेला, २ ला सुमारे २ मीटर पूर्वेला, ४ ला जवळजवळ ६ मीटर पूर्वेला. म्हणजे ३ मीटर रुंदीची बसायची जागा ११ ते ४ सावलीत ठेवायची तर छत पूर्व-पश्चिम १० मीटर लागतं. त्याऐवजी ६ मीटरचं छत करून त्याच्या पश्चिम कडेला उभा पडदा सोडला तरी काम होतं, आणि पडद्याची खालची कड जमिनीपासून १.२ मीटर वर ठेवली तरी ४ वाजेपर्यंत ऊन त्या जागेवर पोचत नाही. खालून वारा खेळतो, कीपरला प्राणी दिसतो, आणि खांबांवर येणारा भार १० मीटरच्या छतापेक्षा कमी राहतो. हा पडदा जवळजवळ कुणी लावत नाही.

उन्नतांशाची गणितं नको असतील तर छताच्या उंचीएवढा बांबू, टोकाला फडकं, आणि ऐन उन्हाळ्यातला एक दिवस. बांबू छताच्या मध्यावर उभा करून दर दोन तासांनी फडक्याची सावली जिथे पडते तिथे चुन्याची खूण करायची. छताचा त्या उंचीचा प्रत्येक बिंदू तेवढाच आणि त्याच दिशेला सरकतो, त्यामुळे एका बांबूवरून अख्ख्या छताची सावली आखता येते. जिराफासाठी छत ६ मीटरच्या वर न्यावं लागतं, तिथे सरकणं दीडपट होतं. त्याच्यासाठी छतापेक्षा उंच भिंतीची किंवा झाडांच्या रांगेची सावली जास्त भरवशाची.

सावली योग्य जागी पडूनही प्राणी येत नसेल तर बुंध्याशी नाही, जमिनीशी पाहा. सावली ऊन अडवते, हवा थंड करत नाही. गडद रंगाचं कापड कमी उंचीवर असेल तर ते तापून खाली उष्णता फेकतं, आणि खालचं काँक्रीट सकाळचं ऊन साठवून बसलेलं असतं. १५० मिमीचा काळ्या गोळ्याचा थर्मामीटर प्राण्याच्या पाठीच्या उंचीवर टांगून उन्हात आणि सावलीत मोजला की फरक कळतो. साध्या थर्मामीटरने तो कळत नाही. कळपाच्या प्राण्यांना एकच मोठी सावली देऊ नका. वरचढ नर ती अडवून बसतो. दोन-तीन विखुरलेल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर पडता येईल अशा सावल्या हव्यात. पाण्याचं टाकं त्यांपैकी एकीखाली. सुसरी, कासवं, घोरपडी यांना ऊनही हवंच, त्यांचं आवार पूर्ण झाकणं घातक आहे.

प्राण्यांच्या बाजूने होणारी मोडतोड

बुटक्या कोपऱ्याची उंची ठरवताना प्राणी उभा राहून किती पोचतो ते धरावं. हत्ती मागच्या पायांवर झाला की सोंड ६ मीटर किंवा त्याहून वर जाते. बिबळ्याच्या आवारात खांब कुंपणाच्या आत जवळ असेल तर ती पळून जायची शिडीच. कोपऱ्यातून लोंबणारा पट्टा, दोरीचं टोक, सैल कापड यांचा माकडं झोका करतात आणि अस्वलं चिंध्या. चिंध्या गिळल्या गेल्या की आतडी अडकण्याची भीती.

बारीक नायलॉन जाळी सावलीसाठी कधीच नको, तीत वटवाघळं आणि साप अडकतात. ताणल्यावरही भोक ५ मिमीच्या आतच राहील अशी वीण घ्यावी. बोट आत जात असेल तर ती जाळी नाकारावी. पोपटांच्या पिंजऱ्यात नवीन गॅल्व्हनाइज्ड तारेवरचे जस्ताचे कण चोचीत जाऊन विषबाधा होते. अशी तार आधी व्हिनेगरच्या पाण्याने ब्रशने घासून, धुऊन मगच लावावी. प्लास्टिकचे केबल टाय कुठेच वापरू नयेत. ते उन्हात तडकून खाली पडतात, आणि शहामृगासारखे पक्षी चकाकणारं काहीही गिळतात.

कामाच्या दिवशी प्राणी आतल्या पिंजऱ्यात, दोन्ही दारांना कुलूप, आणि हत्यारं व सुट्टे भाग मोजून आत. संध्याकाळी मोजून बाहेर. जमिनीवरून चुंबक फिरवणं पुरेसं नाही, कारण ३०४ आणि ३१६ जातीचं स्टेनलेस चुंबकाला जवळजवळ धरत नाही. म्हणजे पडलेला शॅकलचा पिन नजरेनेच शोधावा लागतो. नट किती नेले, किती बसले, किती परत आले, हा कागद जुळेपर्यंत प्राणी सोडायचा नाही. सोडताना दिवसाउजेडी, वारा नसताना, आतलं दार उघडं ठेवून. पहिल्या फडफडीला आणि जमिनीवर हलणाऱ्या सावलीला हरणं घाबरून कुंपणावर आदळतात, म्हणून पहिले दोन-तीन दिवस कीपर जवळ हवा. वादळाचा इशारा आला तर कापड किती वेळात आणि कोणत्या कोपऱ्यापासून उतरवायचं, याची रंगीत तालीमही याच दिवसांत उरकून घ्या.